हॅचरी पारखायची ती बादलीवरून

हॅचरी बघायला गेलेल्या माणसाला आधी चहा मिळतो. मग अंगात पांढरा कोट, पायांत गमबूट, आणि मग मशिनांची ओळ. अंडी उबवणाऱ्या सेटरच्या दारावर हिरवे आकडे चमकत असतात : तापमान ३७.५, आर्द्रता पंचावन्नच्या आसपास. आत अंड्यांच्या ट्रॉल्या तासातासाला एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलतात. मॅनेजर हॅचेबिलिटीचा टक्का सांगतो, पाहुणा मान डोलावतो आणि गावी परतल्यावर चार लोकांना सांगतो, "काय मशिनरी आहे हो त्यांची!" तू एखादं पिल्लू उताणं करून बघितलंस का, असं त्याला कुणी विचारत नाही.

माझ्या मते आपण हॅचरीची परीक्षा चुकीच्या खोलीत घेतो. बघण्यासारखी खोली शेवटची असते. हॅचरमधून ट्रे बाहेर काढल्यावर उरलेली टरफलं, न फुटलेली अंडी, लंगडी आणि अशक्त पिल्लं, आणि अंड्याच्या जातीची हॅचरी असेल तर निवडून वेगळे केलेले सगळे नर जिथे जातात ती खोली. तिथे एक बादली असते, कुठे क्रेट असतो, कुठे नुसतं पोतं. पक्ष्याचा दर्जा आणि मालकाची नियत या दोन्ही गोष्टी तिथे एकदमच कळतात.

आधी दर्जाचं बोलू. शंभर अंड्यांतून किती पिल्लं निघाली हा मालकाच्या हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्यात गैर काही नाही, कारण प्रत्येक अंड्याचा दाम त्याने मोजलेला असतो. पण विकण्याजोग्या पिल्लांचा टक्का वाढवायचा एक सोपा मार्ग या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. निवड सैल करायची. नाभी नीट न मिटलेलं, पाय फाकलेलं, पोट फुगून घट्ट झालेलं पिल्लू बादलीऐवजी खोक्यात टाकलं की टक्का वर जातो. ते पिल्लू मरायचं तेव्हा मरतंच. फक्त ते चौथ्या-पाचव्या दिवशी, दुसऱ्याच्या शेडमध्ये आणि दुसऱ्याच्या खात्यावर मरतं. म्हणून ज्या हॅचरीत बादली जवळजवळ रिकामी असते तिचं कौतुक करण्याआधी थोडं थांबावं. एकतर तिथलं काम खरोखर उत्तम आहे, नाहीतर बादलीतला माल खोक्यात गेला आहे. यातलं खरं काय, ते पिल्लू हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आणि हातात घेतलं की कळायला फार शिक्षणही लागत नाही. पिल्लाला उताणं ठेवा. चांगलं पिल्लू दोन-तीन सेकंदांत उलटून पायांवर उभं राहतं. नाभीवरून बोट फिरवा. तिथे काळी खपली, दोरा किंवा ओल लागली तर समजा की पिवळं बलक पूर्ण आत जायच्या आधीच हे पिल्लू बाहेर पडलं आहे आणि जंतूंना दार उघडं आहे. पायांची कातडी सुकून शिरा उठून दिसत असतील तर ते हॅचरमध्ये फार वेळ पडून राहिलं आहे. गुडघे लाल दिसले तर सेटर-हॅचरमध्ये ताप जास्त लागला असावा, कवच फोडताना त्याने नको तितकी धडपड केली असावी. डोळे उघडे आणि चमकदार हवेत, पिसं कोरडी आणि फुललेली हवीत. मग खोक्याला कान लावा. समाधानी पिल्लांचा आवाज बारीक, संथ असतो. चिरका कलकलाट चालला असेल तर त्यांना थंडी तरी वाजते आहे किंवा ती उकाड्याने तरी हैराण आहेत. पशुवैद्यक पुढे जाऊन गुदद्वारापाशी बारीक थर्मामीटर लावतात. ४० ते ४०.५ अंश भरलं तर पिल्लू सुखात आहे. वजन काट्यावर घेतात. अंड्याच्या वजनाच्या साधारण ६७ टक्के पिल्लू भरायला हवं. त्याहून फार कमी असेल तर उबवणीत ओलावा कमी पडला किंवा काढायला उशीर झाला. फार जास्त असेल तर पिल्लू पाणी घेऊन फुगलेलं, सुस्त.

म्हणजे पिल्लाच्या अंगावर त्याच्या एकवीस दिवसांची नोंद असते. अठरा दिवस सेटरमध्ये, उरलेले तीन हॅचरमध्ये. या अठरा दिवसांत अंड्याचं वजन सुमारे बारा टक्क्यांनी घटायला हवं, म्हणजे आत हवेची पोकळी पुरेशी होते आणि पिल्लू कवचाच्या आतच पहिला श्वास घेऊ शकतं. खुडूक कोंबडी हे सगळं कुठलंही मीटर न लावता करते. ती अंडी चोचीने उलटवते, काठावरचं अंडं मधे घेते, दिवसातून एकदा उठून दाणे टिपून येते आणि तेवढ्यात अंड्यांना थोडी गार हवा लागते. कोंबडी बसवणाऱ्या आपल्याकडच्या बायका आठ-दहा दिवसांनी अंडं अंधारात दिव्यासमोर धरतात आणि न फळलेली अंडी बाजूला काढतात. हॅचरीतलं कॅन्डलिंग म्हणजे तेच, फक्त एका वेळी अख्खा ट्रे. हे सांगायचं कारण एवढंच, की हे ज्ञान परकं नाही आणि गूढ तर मुळीच नाही. ते शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे असं भासवणं काही लोकांच्या सोयीचं आहे.

न फुटलेल्या अंड्यांबद्दलही तसंच. चांगली हॅचरी दर खेपेला ठरावीक अंडी फोडून बघते. आत भ्रूणच नसेल तर नर-मादीच्या प्रमाणात, कळपाच्या वयात किंवा अंडी फार दिवस साठवण्यात दोष आहे. आठवडाभरापेक्षा जास्त ठेवलेल्या अंड्यांची फळ देण्याची ताकद दिवसागणिक उतरत जाते. भ्रूण पहिल्या आठवड्यात मेला असेल तर बहुधा हाताळणी किंवा तापमान चुकलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचाला टोचा मारून आतच मेलं असेल तर हॅचरमधला ओलावा आणि हवा तपासा. फोडल्यावर काळं, दुर्गंधी पाणी उडालं तर अंडी घाण होती, जमिनीवरची होती किंवा ओल्या फडक्याने पुसलेली होती. ही नोंदवही ज्याने पाहुण्यासमोर उघडली त्याच्याकडून मी डोळे झाकून पिल्लं घेईन, टक्का कमी असला तरी. अशी वही उघडणारे फार नाहीत.

पण डोळे उघडे ठेवून पिल्लं घ्यायची संधी मुळात आहे कुणाला?

नाशिक, पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली, रायगड या पट्ट्यात ब्रॉयलरचा मोठा भाग करार पद्धतीवर चालतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस, मजुरी आणि झोप शेतकऱ्याची. त्याला किलोमागे वाढवणुकीचा दर मिळतो आणि मर जास्त झाली किंवा एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागणाऱ्या खाद्याचं प्रमाण, बिघडला की त्यातून कपात होते. पिल्लं बहुधा रात्री किंवा पहाटे येतात. व्हॅनचा ड्रायव्हर घाईत असतो, पुढच्या दोन शेड बाकी असतात. खोक्यात शंभर आणि वर दोन जादा, असा शब्द असतो. शेतकरी मोबाइलच्या उजेडात चलनावर सही करतो. आठव्या दिवशी सुपरवायझर येतो, मरीचा आकडा बघून कपाळाला आठ्या घालतो आणि म्हणतो, "काका, ब्रूडिंगला कमी पडलात." काका सांगतात की पहिल्याच रात्री दहा-बारा पिल्लं मान टाकून पडली होती, त्यांच्या नाभ्या ओल्या होत्या. पण ते कुठे लिहिलेलं नसतं. सही मात्र असते.

हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो आणि त्याचं मूळ तंत्रात नाही. पिल्लू चांगलं की वाईट हे ठरवायचा हक्क ते विकणाऱ्याकडे, आणि वाईट निघालं तर भोगायचं ते वाढवणाऱ्याने. पहिल्या आठवड्यातली मर शेतकऱ्याच्या चुकीने होते हेही अनेकदा खरं असतं. शेड गरम करायला उशीर झाला, पाणी थंडगार ठेवलं, तूस ओलं होतं, असं घडतं. मग ठरवा ना, कुणाची चूक ते! मेलेली पहिली पाच-दहा पिल्लं फोडून बघितली तर बलक जसंच्या तसं सडलेलं आहे की पोट रिकामं आहे हे तालुक्याच्या दवाखान्यातला पशुवैद्यकही सांगेल. सडलेलं बलक बोट दाखवतं हॅचरीकडे, रिकामं पोट शेडकडे. एवढ्या सोप्या न्यायाला करारात एक ओळसुद्धा नसते. केंद्राने २०१८ मध्ये शेतमालाबरोबर पशुधनालाही लागू होईल असा करारशेतीचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. पण नमुना कायदा वाचून पहाटे तीनला व्हॅन थांबत नाही. प्रत्येक लॉटसोबत एक चिठ्ठी यावी : आई-बापांच्या कळपाचं वय किती, अंडी किती दिवस साठवली, पिल्लं हॅचरमधून कोणत्या वेळी काढली, मरेक्सची लस कधी टोचली. आणि उतरवताना दोघांच्या देखत दोन-चार खोकी उघडून पंचवीस-तीस पिल्लं उताणी करून बघावीत, आकडा चलनावर लिहावा. याला पैसा लागत नाही. दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं द्यायची तयारी लागते.

यावर हॅचरीवाल्यांचं ठरलेलं उत्तर आहे : बायोसिक्युरिटी. बाहेरच्या माणसाला आत घेता येत नाही, रोग येतो. उत्तर खोटं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातल्या कोंबड्यांमधला तो पहिला उद्रेक. तिथल्या पोल्ट्र्यांची काय अवस्था झाली हे ज्यांनी पाहिलं ते गेटवरच्या चुन्याच्या पट्ट्याला हसणार नाहीत. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच भोगावं लागलं. पण गेटवर माणूस अडवायला जे कारण पुरतं, ते कारण नोंदवही दाखवायला कसं आडवं येतं? कागदाला बर्ड फ्लू होत नाही. आणि ज्या रोगाची सगळ्यात आधी चौकशी व्हायला हवी तो बाहेरच्या माणसाच्या बुटाला चिकटून येतच नाही. पुलोरम अंड्यातूनच पिल्लात उतरतो, मायकोप्लाझ्मासुद्धा. आई-बापांच्या कळपाची रक्ततपासणी झाली का, काचेच्या पट्टीवर रंगीत अँटिजेनचा थेंब घालून काही मिनिटांत होणारी ती साधी चाचणी कधी केली, कुणी केली, हा प्रश्न गेटच्या बाहेर उभं राहूनही विचारता येतो.

न विचारल्याची किंमत शेवटी कोंबडी न खाणाराही मोजतो. घाण हॅचरीतून आलेल्या पिल्लाला पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यातून प्रतिजैविक पाजायचं, हा आपल्याकडचा रूढ उपाय. पिल्लू आजारी आहे का हे बघून नव्हे. पडणार हे गृहीत धरून. हॅचरची धुलाई नीट करण्यापेक्षा औषधाची पुडी स्वस्त पडते. पण त्यातून तगलेले जंतू शेडमधल्या खताबरोबर शेतात आणि नाल्यात जातात. माणसाच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जात होतं. २०१९ मध्ये केंद्राला त्यावर बंदी घालावी लागली. एका औषधावर बंदी आली की दुसरं येतं. मूळ घाण तिथेच राहते.

तिथे काम करणाऱ्यांचंही थोडं. फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटच्या धुराने अंडी आणि मशिनं निर्जंतुक करायची पद्धत अजून ठिकठिकाणी आहे. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. तरीही नाकाला ओढणी गुंडाळून त्या धुरात शिरणाऱ्या बायका दिसतात. पिल्लू पारखताना पारखणारीच्या फुप्फुसांचा विचार करायला कुणाचं काय जातं!

आता बादलीकडे येतो.

ब्रॉयलरमध्ये नर-मादी दोन्ही वाढवतात. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीत नराचा उपयोग नाही. तो अंडी देत नाही आणि मांसाला लवकर भरत नाही. म्हणून जन्मल्या दिवशीच नर वेगळे करतात. गुदद्वार उघडून बघायची कला जपान्यांनी १९२० च्या दशकात बसवली, आता पंखांच्या वाढीवरूनही ओळखतात. तरबेज हात तासाला हजारभर पिल्लं छाटतो. जितकी अंड्याची कोंबडी तितकेच नर, हे निसर्गाचं गणित आहे. म्हणजे आपल्या ताटात अंडं देणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे कुठेतरी एक नर बादलीत गेलेला असतो. काही भागांत हे नर थोडे दिवस वाढवून विकतात, ते बरं. उरलेल्यांचं काय होतं? क्षणात जीव घेणारी यंत्रं आहेत, वायूचे कोष आहेत. पण ते विकत घ्यायला लागतात, आणि पोतं फुकट असतं. पोत्यात कोंबून तोंड बांधलं की खालची पिल्लं वरच्यांच्या ओझ्याने आणि हवेअभावी गुदमरतात. कुठे पाण्यात बुडवतात. कुठे खड्ड्यात जिवंत टाकून वर माती ओढतात. आणि काही रंगवली जातात. गुलाबी, हिरवी, निळी. जत्रेत, आठवडी बाजारात, शाळेच्या फाटकाबाहेर ती टोपलीत दिसतात. पोरं हट्ट धरतात, आई चार पैसे देते, पिल्लू दोन-तीन दिवसांत मरतं. मुलाला मृत्यूची पहिली ओळख आपण अशी करून देतो आणि त्याला खेळणं म्हणतो.

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम कोंबडीच्या पिल्लालाही लागू होतो. त्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. एका पोत्यात किती पिल्लं मावतात याचा विचार केला तर हा दंड नसून सवलतीचा दर आहे.

जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारणं कायद्याने बंद केलं. तिथे आता अंड्यातच लिंग ओळखतात, उबवणी सुरू होऊन काही दिवस झाले की. आपल्याकडे हा विषय काढला की दोन बाजूंनी हसू येतं. मांसाहारी म्हणतात, आम्ही कोंबडी कापतोच, मग पिल्लाचं कौतुक कशाला? शाकाहारी म्हणतात, खाऊच नका, म्हणजे प्रश्न मिटला. दोघांनाही यातून आपापली सुटका हवी असते. मी अंडी खातो आणि खात राहीन. मारून खाणं आणि मारताना बेफिकीर असणं यातला फरक ज्याला दिसत नाही, त्याने खाटकाच्या दुकानात एकदा नीट उभं राहावं. चांगला खाटीक सुरीला धार लावतो. गाडगेबाबांनी नवसाच्या बकऱ्या-कोंबड्यांविरुद्ध गावोगाव कीर्तनं केली. ती ऐकून पुष्कळ ठिकाणी लोकांनी हात आवरला, आणि आज देवापुढचं कोंबडं कापताना निदान कुणीतरी टोकतो. हॅचरीतली पिल्लं कुठल्याच देवाच्या नावाने मरत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी टोकायलाही कुणी येत नाही. ती नफ्याच्या एका रकान्यात मरतात, आणि तो रकाना कुणी वाचत नाही.

अंड्यातच लिंग ओळखणारी यंत्रं आपल्या हॅचऱ्यांना आज परवडणार नाहीत, हे मान्य. पण आपल्याकडे दुसरी वाट आधीपासून आहे आणि ती आपलीच आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, बंगळूरची गिरिराजा, आपली गावरान, मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ. या पक्ष्यांचा नर टाकाऊ नाही. गावात गावरान कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा चढा भाव मिळतो, सणाला तर मिळतोच. परसातल्या पालनाचं गणितच नर आणि मादी दोघांवर उभं असतं. अर्थात इथेही फसवणूक आहेच. सांगली भागातून सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये कोसळलेल्या कडकनाथ योजनेत किती घरांचे पैसे अडकले ते सगळ्यांना आठवत असेल. तिथे लोकांनी पिल्लू पारखलंच नाही, माहितीपत्रक पारखलं.

हॅचरीचं आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवं. एकदा अंडी सेटरमध्ये गेली की एकवीस दिवस थांबता येत नाही. बाजार पडला म्हणून पिल्लू आत राहत नाही. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव कोसळला, आणि पिल्लं मात्र ठरल्या दिवशी बाहेर येत राहिली. ठिकठिकाणी ती खड्ड्यांत गेली. संकटात मालकाला दोष देऊन उपयोग नाही, तोही बुडत होता. पण अशा दिवशी काय करायचं याची व्यवस्था ज्याच्याकडे सुगीच्या दिवसांतही नसते, त्याच्याकडे संकटात कुठून येणार? इतकी पिल्लं सुसह्यपणे कशी मारावीत हे न ठरवता इतकी पिल्लं जन्माला घालायला परवाना कसा मिळतो, हा प्रश्न त्या खड्ड्यांवर माती पडली तेव्हाच विचारायला हवा होता.

सुरुवात सरकारी केंद्रांपासून करता येईल, कारण तिथे नफ्याची सबब चालत नाही. पुण्यात खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. नागपूरला, कोल्हापूरला, छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. एकदिवसीय पिल्लं आणि तलंगांचे गट वाटण्याच्या योजना यांच्या जिवावर चालतात. लाभार्थी बहुतेक महिला बचत गटातल्या किंवा भूमिहीन घरातल्या असतात, त्यांना मिळेल ते पिल्लू घ्यावं लागतं. या केंद्रांनी दर खेपेचा तक्ता फाटकावर लावावा. किती अंडी बसवली आणि किती पिल्लं दिली, हे सांगतातच. त्याखाली आणखी तीन ओळी हव्यात : किती पिल्लं निवडीत नाकारली, ती कोणत्या पद्धतीने मारली, आणि मागच्या खेपेची पिल्लं घेऊन गेलेल्या बायकांकडे पहिल्या आठवड्यात किती मेली. तिसरी ओळ भरायला कुणाला तरी त्या बायकांना फोन करावा लागेल. पिल्लं देताना त्यांचे नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतलेले असतातच.